ओढ

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात उंचावरून पडून पाठीच्या कण्याला इजा झाल्यानंतर, मुंबईत हाजीअलीजवळ १९५५ पासून कार्यरत असलेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत काही काळ काढून मी व्हीलचेअरसह बोईसरला परतलो, तेव्हा यापुढे आपले खांदे हेच आपले पाय होत, एवढे मला उमगले होते. परंतु त्या खांद्यांनाही झीज असते, हे कळावयास दोन वर्षे लागली. उजवा हात खांद्याच्या वर उचलला की कळ येई. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मोबाइलवरूनच माझे बसणे न्याहाळले आणि म्हणाल्या, "दादा, ढकलणं तुमचं रोजचंच आहे, आता ओढायला लागा." चाके ढकलून छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे मात्र दुर्बळ राहतात, हे त्यांचे निदान.

सातपाटीला आजोळ असलेल्या माणसाला ओढणे काय असते ते सांगावे लागत नाही. खवाटे एकमेकांजवळ आणीत जाळे ओढणारे मामा माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. खिडकीच्या गजांना रबरी पट्टा बांधून मी आरंभ केला, तर ब्रेक लावूनही खुर्चीच खिडकीकडे सरकू लागली आणि कमरेवरचा तोल जाऊ लागला. मग भिंतीत कडी ठोकून खुर्ची मागून बांधली, छातीला पट्टा घेतला. पुढे हाताने फिरवावयाचे पेडल आणले. ते टेबलावर स्थिर राहीना, म्हणून वसाहतीत वेल्डिंग करणाऱ्या जुन्या सोबत्याने सुट्टीच्या दिवशी लोखंडी घोडी करून दिली, तिची उंची अशी, की पेडलाचा आस खांद्याच्या किंचित खालीच राहावा. त्यावर मी बहुतेक वेळ उलटे फेरे घेतो. व्हीलचेअरसाठी मी भरलेल्या अर्जात अशा साधनाला रकानाच नव्हता, याची खंत मला आजही आहे. खुर्ची देणाऱ्याने ती चालविणाऱ्या खांद्यांचीही तजवीज करावयास हवी.

१९४८ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे, व्हीलचेअरवरील १६ माजी सैनिक स्त्री-पुरुषांची स्पर्धा भरविली, ती धनुर्विद्येची, हे वाचले तेव्हा त्या निवडीतील मर्म मला तत्क्षणी पटले: प्रत्यंचाही ओढावीच लागते.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी झड आत येऊ लागली, आई स्वयंपाकघरात होती. खिडकीच्या वरच्या कडीपर्यंत माझा उजवा हात कळ न येता पोचला आणि दार मीच ओढून घेतले.