दोघींच्या भाषेचा कोश

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी, बाराव्या शतकात, हिल्डेगार्ड नावाच्या मठप्रमुख साध्वीनं स्वतःची एक भाषा रचली. तिची शब्दसूची आजही वाचायला मिळते. हजाराहून थोडे अधिक शब्द, आणि जवळजवळ सगळी नामं. आरंभ देवापासून. देवाला तिनं ‘आयगोन्झ’ म्हटलं. मग देवदूत, माणसं, नातलग, शरीराचे अवयव, आजार, प्रार्थनाघरातल्या वस्तू, कपडे, झाडं, पक्षी, असं उतरत उतरत सूची कीटकांपाशी संपते. ही सूची पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तिची शिस्त फार आवडली आणि लगेच वाईटही वाटलं. एवढे शब्द, आणि त्यांत कुणी जात नाही, जेवत नाही, रडत नाही. क्रियापदाशिवाय कुणाशी काय बोलणार?

हा प्रश्न मला इतक्या पटकन सुचला, कारण आमच्या भाषेतला पहिला शब्द क्रियापद होता. ‘आमच्या’ म्हणजे ताईच्या आणि माझ्या.

आम्ही वाईच्या. सत्तरच्या दशकात आमच्या आळीत सगळी मुलं ‘च’ची भाषा बोलत. ‘मला भूक लागली’चं ‘चलाम चूकभ चागलील’. पण ती सगळ्यांनाच येई, त्यामुळे तिच्यात गुपित राहत नसे. शिवाय तिच्यात शब्द मराठीचेच होते, फक्त वेष बदललेले. ताईला ते खुपायचं. एके दुपारी ती म्हणाली, ‘आपण शब्दच वेगळे करू.’ पहिला केला ‘लुश’. त्याचा अर्थ, मोठी माणसं झोपेपर्यंत गप्प पडून राहणं. त्याला मराठीत शब्द नव्हता आणि आम्हाला तो रोज लागायचा. त्यानंतर चिंचा, कडी, पैसे, ‘आई येतेय’. गरज पडेल तसा शब्द पडायचा. वही नंतर आली.

मोठेपणी कळलं की शब्द पाडण्याचं काम आमच्या गावात तेव्हा मोठी माणसंही करत होती. गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय होतं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली निघाला, पण त्याआधीच, 1973 साली, अठराव्या क्रमांकाचा खंड निघाला होता. तो परिभाषासंग्रह. आधी शास्त्रांचे शब्द ठरवायचे, मग त्या शब्दांत ज्ञान मांडायचं, असा तो क्रम. आम्ही दोघी सायकलवरून त्याच रस्त्यानं शाळेत जायचो. आत टेबलाशी बसून कुणी एखाद्या रासायनिक क्रियेसाठी शब्द शोधत असेल आणि बाहेर आम्ही चोरून खाल्लेल्या खोबऱ्यासाठी. ही कल्पना मला अजून आनंद देते.

याच गावात 1917 च्या सुमारास विनोबा भावे प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकायला राहिले होते. पुढे उतारवयात तेच विनोबा एस्परांतो शिकले. टिबोर सेकेल हा जगभर भटकणारा एस्परांतोप्रेमी त्यांच्याबरोबर पदयात्रेत चालला आणि चालता चालता त्यांना ती शिकवत गेला. इतक्या भाषा येणाऱ्या माणसाला आणखी एक, तीही कुणीतरी रचलेली भाषा शिकावीशी वाटली, हे पुण्याला कॉलेजात असताना माझ्या वाचनात आलं आणि मी ग्रंथालयात एस्परांतोचं पुस्तक शोधायला गेले.

तोवर आमच्या वहीत शब्द बरेच झाले होते, पण प्रत्येक शब्द सुटा होता. घागरीला एक, आडाला एक, पाण्याला तिसराच. पाठ करून जीव जायचा. एस्परांतो रचणारा लुडविक झामेनहोफ हा मूळचा बियालिस्तोकचा नेत्रवैद्य. शाळकरी वयातच तो भाषा रचत होता आणि शब्दांच्या याच डोंगराखाली दबला होता. त्याला वाट सापडली ती दुकानांच्या पाट्यांवर. रशियन पाट्यांवर ‘स्काया’ हा एकच शेवट त्याला पुन्हा पुन्हा दिसला, पहारेकऱ्याच्या खोलीवर आणि मिठाईच्या दुकानावरही. एक प्रत्यय कळला की दहा शब्द पाठ करायचे वाचतात, हे त्याच्या ध्यानात आलं. 1887 साली वॉर्सात त्यानं जी लहानशी पुस्तिका काढली तिच्यात फक्त नऊशेच्या आसपास धातू होते. बाकीचं काम प्रत्ययांवर सोडलेलं. ‘लेर्नी’ म्हणजे शिकणं, ‘लेर्नेयो’ म्हणजे शाळा. ‘कुइरी’ म्हणजे स्वयंपाक करणं, ‘कुइरेयो’ म्हणजे स्वयंपाकघर. शब्दाच्या आधी ‘माल’ लावला की उलटा अर्थ.

हे वाचलं त्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवरून चालताना मला सगळीकडे ‘खाना’ दिसायला लागला. दवाखाना, छापखाना, कारखाना. मग ‘शाळा’. पाठशाळा, धर्मशाळा, गोशाळा. मी वहीत स्थळासाठी ‘रिन’ हा प्रत्यय घातला. ‘तोमे’ म्हणजे पाणी, ‘तोमेरिन’ म्हणजे पाणवठा. वस्तूसाठी ‘क’. तांब्या झाला ‘तोमेक’. सुट्टीत ताईला दाखवलं तेव्हा ती खूश झाली, पण एस्परांतोच्या एका गोष्टीवर भयंकर चिडली. तिथे ‘पात्रो’ म्हणजे वडील आणि त्याला स्त्रीप्रत्यय लावून ‘पात्रिनो’ म्हणजे आई. ‘आई काय बाबांना शेपूट लावून होते?’ असं म्हणून तिनं वहीत आईसाठी स्वतंत्र धातू लिहिला, बाबांसाठी स्वतंत्र, आणि खाली रेघ मारली. मला एस्परांतोविषयी मनापासून आदर आहे, पण या एका बाबतीत ताईचं बरोबर होतं आणि आहे. प्रत्ययानं शब्द वाचवता येतात, पण कुठला शब्द मूळ मानायचा आणि कुठला त्यातून काढायचा, हे ठरवताना आपण माणसांची उतरंड लावत असतो.

त्याच वर्षांत मी मॉरिस स्वदेश या भाषाशास्त्रज्ञाची शंभर शब्दांची यादी हाती घेतली. कुठल्याही भाषेत सहसा असतातच असे शब्द एकत्र करून त्यानं ती भाषांची नाती तपासण्यासाठी बनवली होती. भाषा रचणारे लोक तीच भरायला घेतात. राख, शिंग, साल, ऊ, नख, गुडघा, यकृत. दोनचार रात्री बसून मी सगळे रकाने भरले. वही भरगच्च दिसायला लागली. पण त्यातले फारच थोडे शब्द आमच्या तोंडी आले. आम्ही दोघी कधी यकृताबद्दल बोलतच नव्हतो.

मग जे. आर. आर. टॉल्किनची गोष्ट हाती लागली. 1915 मध्ये, विशीत, त्यानं आपल्या एल्फ लोकांच्या भाषेचा कोश लिहायला घेतला आणि तो आयुष्यभर खोडत, बदलत राहिला. तो आधी जुना धातू कल्पायचा, मग शतकानुशतकांच्या उच्चारबदलातून त्याला खाली आणायचा, आणि एकाच धातूची दोन भाषांत दोन वेगळी रूपं व्हायची. मला त्याच्या कथांपेक्षा या कारागिरीनं अधिक वेड लावलं. पण माझा खरा शिक्षक घरचाच निघाला. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ आणि कृ. पां. कुलकर्णींचा 1946 चा व्युत्पत्तिकोश. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव. दोन स्वरांमधला ‘म’ झिजून ‘व’ झाला. मी तोच नियम आमच्या भाषेला लावला आणि ‘तोमे’चं ‘तोव’ झालं. ब्लॉकच्या पानांवरून मी आणखी एक गोष्ट उचलली. क्षेत्राचं शेत झालं, तरी क्षेत्र पुन्हा संस्कृतातून परत आलंच, आणि आज दोन्ही वेगवेगळ्या अर्थांनी नांदतात. म्हणून आमच्याकडेही नळाला येतं ते ‘तोव’ आणि देवाच्या ताम्हनातलं ते ‘तोमे’. शब्दांना वय दिलं की एका धातूत दोन संसार मावतात. कोश वाढवण्याची याहून देखणी रीत मला सापडलेली नाही.

तरी तोवर हे सगळं माझं एकटीचं होत चाललं होतं. ते पुन्हा दोघींचं झालं ताईच्या लग्नानंतर. ती सांगलीला गेली. सासर प्रेमळ, पण भलंमोठं. तिथली आंतरदेशीय पत्रं सगळ्यांच्या हातातून जायची. पहिल्याच पत्रात शेवटी आमच्या भाषेत तिनं विचारलं होतं, ‘एक शब्द दे. घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, पण चमचा कुठे असतो ते ठाऊक नाही, कुठला टॉवेल आपला ते ठाऊक नाही, आणि रात्री त्यानं अंग दुखतं. हे.’ मी ‘ओरा’ म्हणजे घर आणि ‘दिम’ म्हणजे शोधणं जोडून ‘ओरादिम’ पाठवला. तिच्या पुढच्या पत्रात तो ‘ओर्दिम’ होऊन आला. मधला ‘आ’ तिनं गिळला होता. रोज म्हणायचा शब्द आखूडच होतो. अधिक वापरातले शब्द सहसा लहान असतात, हे जॉर्ज झिफनं आकड्यांनी दाखवलं आहे. ताईनं ते एका महिन्यात केलं.

मग मागण्या येत राहिल्या. आणि तेव्हाच मला सुझेट हेडन एल्गिन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेखिकेची ‘लादान’ ही भाषा भेटली. बायकांच्या अनुभवाला हक्काचे शब्द हवेत म्हणून तिनं 1982 साली ती रचायला घेतली. तिच्यात एक शब्द आहे, ‘रादीदिन’. नावाला सणसुटी, पण तयारी आणि पाहुण्यांच्या सरबराईनं जो दिवस ओझं होऊन बसतो तो. दिवाळीच्या पहाटे तीनला उठून चकल्या, अनारसे आणि वीस माणसांचं अभ्यंग सांभाळणाऱ्या बाईला हा अर्थ समजवायला लागत नाही. ताईला तो शब्द कळवला तेव्हा तिनं तो आहे तसाच उचलला. आमच्या कोशातला तो पहिला उसना शब्द. लादान फार कुणी बोललं नाही, पण सांगलीच्या एका स्वयंपाकघरात तिचा एक शब्द कैक दिवाळ्या बोलला गेला.

‘ओर्दिम’चं पुढे जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. ताईनं तो नोकरीच्या पहिल्या आठवड्याला वापरला. मग बाबा इस्पितळात होते तेव्हा तिथल्या खोलीबद्दल वापरला. तिची मुलगी शिकायला परदेशी गेली, तिला आईकडून तेवढा एकच शब्द येत होता आणि पहिल्या फोनवर तिनं तोच सांगितला. वहीत त्या शब्दापुढे मी लिहिलेला अर्थ आता फार तोकडा पडतो. तो मी खोडलेला नाही, त्याच्याखाली नवे अर्थ तारखेशिवाय लिहीत गेले आहे.

या गोष्टीला मी भाषांच्या इतिहासातलं एक मोठं उदाहरण जोडून पाहते. एस्परांतोच्या आधी, 1880 च्या सुमारास, योहान श्लायर या जर्मन धर्मगुरूनं ‘व्होलाप्युक’ काढली. काही वर्षं ती युरोपभर पसरली, तिच्या परिषदा भरल्या, 1889 ची पॅरिसची परिषद तर त्याच भाषेत चालली. पण लोकांनी शब्द आणि व्याकरण सोपं करायचं म्हटलं तेव्हा श्लायर अडून बसला. शेवटचा शब्द आपलाच, असा त्याचा हट्ट होता. भांडणं झाली आणि भाषा ओसरली. झामेनहोफनं पहिल्याच पुस्तिकेत आपल्या भाषेवरचे सगळे हक्क सोडून दिले. स्वतः मात्र तो कष्ट करत राहिला. 1894 मध्ये त्यानं हॅम्लेट भाषांतरित केलं, कारण नाटकातल्या माणसांना जे बोलायचं असतं त्यासाठी भाषेत काय कमी आहे ते त्याशिवाय कळत नाही. श्लायरविषयी मला राग नाही, कीवही नाही. आपल्या हातून घडलेला शब्द दुसऱ्याच्या तोंडात बदललेला ऐकताना छातीत काय होतं ते मला माहीत आहे. तरीही मी झामेनहोफच्या बाजूची आहे, आणि ताई नसती तर नसते.

वर्षभरापूर्वी ताईचे दोन्ही गुडघे बदलले. आता ती पुण्यात माझ्या जवळच राहते. शस्त्रक्रियेनंतर व्यायाम सुरू झाले तसं आमचं अर्ध्याहून अधिक बोलणं गुडघ्यांविषयीच होऊ लागलं. तिनं शब्द मागितला, आणि मी वहीची जुनी पानं उलटली. कॉलेजच्या त्या दिवसांत भरलेल्या रकान्यांत तो होताच. ‘झुरेम’. इतकी वर्षं कुणी एकदाही न बोललेला. ताईनं तो दोनदा पुटपुटून पाहिला आणि आठवडाभरात त्याचा ‘झुरू’ केला. मी म्हटलं, शेवटचा ‘म’ गळतो असा आपल्याकडे नियम नाही. ती म्हणाली, ‘मग कर.’

मी नियम लिहिला आहे. शब्दाच्या शेवटी, स्वरानंतरचा ‘म’ गळतो आणि आधीच्या स्वराचा ‘ऊ’ होतो. अडचण अशी की हा नियम लावला तर ‘ओर्दिम’चं ‘ओर्दू’ होतं, आणि ते ताईला मुळीच चालत नाही. ‘ओर्दिम’ला अपवाद मानावा असं तिचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, तो दोन शब्दांचा समास आहे म्हणून तिथला ‘म’ वाचला असं कारण द्यावं. यावर काल संध्याकाळी तिचे सगळे व्यायाम होईपर्यंत वाद चालला, आणि आज पुन्हा बसायचं आहे.