कोपनहेगनचे चार दिवस

किनवटच्या माणसाने कोपनहेगनवर लिहावे हे पाहून तुम्हांला हसू येईल. मलाही येते. पण पुतण्या तिथे नोकरीला आहे, त्याने तिकिटे काढून पाठवली, आणि मृग लागायच्या आत परत येता येईल असा हिशेब बसला. म्हणून २०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघे हैदराबादहून विमानात बसलो. सौ.ने येसर, धपाटे, तिळाची चटणी सगळे बांधून घेतले होते. घरच्या तुपाची बरणी तेवढी मागे राहिली. "काकू, दुधातुपाचे काही आणू नका, बाहेरच्या देशातून आणायला इथे बंदी आहे," असे पुतण्याने फोनवर बजावले होते. लोण्यावर मोठ्या झालेल्या देशाला आमच्या पावशेर तुपाची भीती वाटावी, याची मला गंमत वाटली.

विमान खाली येऊ लागले तशी शेते दिसली. पिवळीधमक! मोहरीच्या कुळातले तेलबियांचे पीक फुलावर आले होते. एवढाले तुकडे, पण एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत माणूस म्हणून दिसेना. पलीकडे समुद्रात पवनचक्क्या ओळीने उभ्या.

आम्ही निघालो तेव्हा किनवटला दुपारी घराबाहेर पाय ठेववत नव्हता. इथे मी पुतण्याचा कोट घालून कुडकुडत होतो, आणि तिथली माणसे काय छान ऊन पडले म्हणून बाकांवर तोंड वर करून बसली होती. रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड. दिवेलागण कधी करायची ते सौ.ला चार दिवस कळले नाही. शेवटी घड्याळ बघून तिने हात जोडले.

सायकलींविषयी ऐकून होतो, पण डोळ्यांनी पाहावे ते निराळेच. आपल्याकडे हाती चार पैसे आले की पहिली सायकल जाते. तिथे साहेब सायकलवर, बाई सायकलवर, पुढे लाकडी पेटी आणि पेटीत दोन लेकरे बसलेली. सायकलींना रस्त्याच्या कडेने वेगळी वाट आहे, थोडी उंचावलेली. ती मला पायवाट वाटली आणि मी खुशाल तिच्यावरून चाललो. मागून घंटा वाजली, मग दुसरी, मग एका म्हातारीने जे काही सुनावले ते भाषा येत नसूनही मला नीट समजले.

जलपरीचा पुतळा पाहायला सगळे जग येते, म्हणून आम्हीही गेलो. हान्स अँडरसनच्या गोष्टीतली ही परी १९१३ साली एका बिअरच्या कारखानदाराने बसवून घेतली. पुतळा जेमतेम सव्वा मीटरचा. त्याच्याभोवती दोनशे माणसे फोटो काढत होती. १९६४ साली कोणी तिचे डोकेच कापून नेले होते, मग नवे बसवावे लागले. खरे सांगू? माझी निराशा झाली. आपला सहस्रकुंड पावसाळ्यात काळ्या खडकावरून कोसळतो तेव्हा छातीत धडकी भरते. पण एक कबूल केले पाहिजे. त्या इवल्याशा परीपर्यंत जायला स्वच्छ रस्ता होता, बसायला बाक होता, आणि आसपास कागदाचा कपटा नव्हता.

महागाईचे काय सांगावे! एका कॉफीला आपले पाचशेच्या वर रुपये पडले. मी ती घोट घोट करून अर्धा तास प्यालो. त्याच दुकानाबाहेर बाबागाड्या उभ्या होत्या आणि त्यांत तान्ही बाळे झोपलेली. आया आत. मोकळ्या हवेत मूल निरोगी राहते, अशी तिकडची समजूत. सौ.ला हे बघवेना. ती एका गाडीपाशी राखण करीत उभीच राहिली. दहा मिनिटांनी त्या बाळाची आई बाहेर आली, हिला पाहून आधी दचकली, मग पुतण्याने समजावल्यावर हसली. "कोणी उचलून नाही नेत?" हिने विचारायला लावले. त्या बाईला प्रश्नच कळला नाही.

आणि याच गावात पुतण्याला शेजारच्या दारात कोण राहते ते दोन वर्षांत माहीत झालेले नाही. संध्याकाळी एक वृद्ध गृहस्थ, अंगावर नीटनेटका कोट, कचऱ्याच्या डब्यातून रिकाम्या बाटल्या वेचताना दिसले. बाटली परत केली की तिची अनामत मिळते. श्रीमंत देशातही असे वेचावे लागते, हे पाहून मी गप्प झालो.

आता शेतीचे. पूर्वी सहकाराच्या एका शिबिरात डेन्मार्कचे नाव मी पहिल्यांदा ऐकले होते. १८७० नंतर अमेरिका आणि रशियाचे स्वस्त धान्य युरोपात येऊन पडले, तिथल्या शेतकऱ्याचा भाव बुडाला. त्याने धान्य सोडून दूध-लोणी धरले आणि १८८२ साली हेडिंग नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांची पहिली सहकारी डेअरी निघाली. नियम असा, की मत माणसागणिक, गायीगणिक नव्हे. तीन गायींवाला आणि तीस गायींवाला सभेत सारखे. ते खेडे पार पश्चिमेला, चार दिवसांत जाणे जमले नाही. पुतण्याने दुकानातले लोण्याचे पुडके हातात दिले आणि म्हणाला, "काका, हेच बघा." मग किनाऱ्यावरून त्या वीस पवनचक्क्या दाखवल्या. २००० साली उभ्या राहिल्या, त्यांतल्या निम्म्या आठ हजारांवर सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या.

आपले या देशाशी नाते अगदीच नाही असे समजू नका. १८०५ साली विल्यम कॅरीने छापलेले मराठीचे व्याकरण निघाले ते बंगालमधल्या श्रीरामपुरात, आणि ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. १९३८ साली मुंबईत लार्सन अँड टुब्रो काढणारे दोघे इंजिनिअर डेन्मार्कचेच, आणि सुरुवातीला ते तिकडची डेअरीची यंत्रे इथे विकत.

पण सगळे लोणी नाही. गावोगावच्या त्या डेअऱ्या एकेक करून मोठ्यांत मिसळल्या. आज देशातले बहुतेक दूध एकाच अवाढव्य संस्थेकडे जाते, ती अजून शेतकऱ्यांच्याच मालकीची आहे एवढेच. लहान शेतकरी मात्र उरला नाही. आणि २०२४ साली असे ठरले, की २०३० पासून जनावरांच्या ढेकरांतून निघणाऱ्या वायूवर शेतकऱ्याने कर भरायचा! हे मी गावी सांगितले तर कोणी खरे मानीत नाही.

ते लोण्याचे पुडके हातात धरून मला आमची दूध संस्था आठवत होती. तीही सहकारीच होती. मत आमच्याकडेही माणसागणिकच होते. पण सभेत ज्याच्या गोठ्यात जास्त म्हशी तो बोलायचा आणि आम्ही हात वर करायचो. हिशेब वाचून दाखवा, असे मी एकदाही म्हणालो नाही. संस्था बंद पडली त्या सभेलाही माझा हात वरच होता.

शेवटच्या रात्री पुतण्याने विचारले, "काका, विहिरीला पाणी आहे का?"

"आहे थोडे," मी म्हणालो. त्याच्या वाट्याच्या चार एकरांचे काय करायचे, हे विचारायचे म्हणून मी किनवटहून निघालो होतो. तो बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होता. मी विचारले नाही.

आदिलाबादमार्गे घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे दूधवाला फटफटीवर आला. तो आमचे दूध लिटरवर घेतो, फॅट लावत नाही. त्या दिवशी मी म्हणालो, "आधी फॅट लावून दाखव." त्याने माझ्याकडे पाहिले, कॅन फटफटीला अडकवला आणि पुढच्या घरी गेला. तिथे त्याला दूध मिळाले. आमच्या दुधाचे सौ.ने विरजण लावले.