पिशवी काढण्याआधी

पाळीत अंगावरून फार जायला लागलं, तेव्हा कॅसलरॉकमधल्या बायकांचं एकच म्हणणं: "पिशवी काढून टाक, सुटशील." बेळगावला सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासला. गाठ नाही, कॅन्सर नाही. रक्त मात्र कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उपाय बरेच आहेत. तुम्हाला काय हवंय?"

मी गांगरले. हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

पुण्याच्या भाचीने लॅपटॉपवर उपाय निवडायला मदत करणारा एक कार्यक्रम उघडला. सगळा इंग्रजीत, ती वाचायची, मराठीत सांगायची. पुढे मूल हवं आहे का? रोजची गोळी जमेल का? पाळी पूर्ण थांबली तर चालेल का? ऑपरेशनची भीती किती? प्रत्येक प्रश्नाखाली शून्य ते दहा आकडे. मी सासूबाईंचं मत सांगू लागले. भाची म्हणाली, "मावशी, तुझं सांग." तिथेच मी अडले.

मग सगळे उपाय शेजारी शेजारी दिसले. ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडची गोळी फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत घ्यायची. पण पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर नाही. संप्रेरक सोडणारी तांबी गर्भाशयात काही वर्षं राहते. सुरुवातीचे महिने अधूनमधून डाग दिसतात, मग स्राव बराच घटतो. अस्तर जाळलं, तर पुढे मूल होऊ देणं धोक्याचं. पिशवी काढली की पाळी कायमची बंद. पण ऑपरेशन मोठं, आणि अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते.

यंत्राने निकाल दिला नाही. मला काय महत्त्वाचं वाटतं, ते क्रमाने मांडून दिलं. तो कागद घेऊन मी बेळगावला गेले आणि डॉक्टरीणबाईंशी बोलून तांबी बसवून घेतली. ब्रिटनमध्ये अशाच संगणकीय साधनाची चाचणी झाली होती. 2007 साली तिचे निष्कर्ष छापून आले: साधन वापरलेल्या बायकांची निर्णयातली घालमेल कमी झाली.

आपल्याकडे मात्र बीड जिल्ह्यात 2019 साली सरकारी समितीने पाहणी केली. 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यांतल्या किती जणींना "तुम्हाला काय हवंय?" असं कुणी विचारलं असेल?

अशी साधनं मराठीत, कोकणीत, कन्नडात यायला हवीत, आरोग्य केंद्रात आशाताईंच्या हाती असायला हवीत. तोवर बायांनो, तपासणी टाळू नका, आणि पिशवी काढायला होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारा, "दुसरा उपाय कोणता?"