नंबर शून्य, आणि बरंच काही

"तुझा चष्मा कुठे गेला गं?" कॉलेज सुरू झाल्यापासून हा प्रश्न मला मेसमध्ये, लायब्ररीत, वर्कशॉपमध्ये आणि एकदा तर चक्क व्हायवात एक्स्टर्नलसमोर विचारला गेलाय. त्यामागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला, "दुखतं का?" आणि तिसरा, आवाज खाली आणून, "मी करू का?" पहिल्या दोघांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्यासाठी हा लेख.

माझा नंबर उणे साडेचार, दोन्ही डोळ्यांना. चष्मा पाचवीपासून. लेसरचं खूळ घरात आणलं आत्यानं. "इंजिनिअर झाली की स्थळं बघायची, त्याआधी हिचा तो चष्मा उतरवा!" हे कारण मला मुळीच पटलं नाही. पण पावसात गाडीवर धुकं धरणारा, वर्कशॉपच्या घामात नाकावरून घसरणारा आणि वरच्या बर्थवर झोपताना कुठे ठेवावा हे कधीच न कळणारा चष्मा मलाही नको होता. (चष्मेवाल्यांना समजेल!) तेव्हा कारण आत्याचं, इच्छा माझी आणि पैसे बाबांचे असं जमलं, आणि तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर मे महिन्यात ऑपरेशन झालं.

या लेसरची जन्मकथा भारी आहे. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगास्वामी श्रीनिवासन नावाचे शास्त्रज्ञ (मद्रास विद्यापीठात शिकलेले, म्हणजे आपलेच!) सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस घेऊन आले आणि त्यावर त्यांनी एक्सायमर लेसर मारला. स्वच्छ खाच पडली, कडा जळल्या नाहीत. १९३ नॅनोमीटरचा हा अतिनील प्रकाश रेणूंचे बंधच तोडतो आणि उडालेले कण ऊर्जा सोबत घेऊन जातात, म्हणून शेजारचा भाग भाजत नाही. पुढे डोळ्याच्या डॉक्टरांनी हाच लेसर कॉर्नियाला आकार द्यायला वापरला.

आता आपल्या कामाचं गणित. किती खरवडायचं याचं ढोबळ सूत्र असं: भागाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा, नंबरानं गुणा, तीननं भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये. माझा व्यास ६, म्हणजे ३६ गुणिले साडेचार भागिले तीन, बरोबर ५४. माझा कॉर्निया ५४८ मायक्रॉन जाड. त्यातून वरचा फ्लॅप (पुस्तकाच्या पानासारखा उघडून परत बसवतात ती चकती) ११०, आणि हे ५४. खाली उरले ३८४. निदान २५० तरी उरलेच पाहिजेत, बरेच डॉक्टर ३०० च्या खाली जात नाहीत. फ्लॅप परत बसतो, पण ताकदीला जवळजवळ शून्य धरायचा. एसओएमच्या सरांना आनंद होईल असा हिशेब आहे की नाही?

प्रत्यक्ष ऑपरेशन म्हणजे फुसका बार. डोळ्यात सुन्न करणारे थेंब, मग एक रिंग दाबून बसवतात तेव्हा काही सेकंद सगळं अंधारून येतं (तेवढी घाबरले), मग टकटक आवाज आणि केस जळल्यासारखा वास. एका डोळ्याला लेसर मिनिटभरसुद्धा चालला नाही. संध्याकाळपर्यंत तिखट गेल्यासारखी आग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथ्या अंथरुणातून वाचल्या. आई रडली. मी नाही. (थोडीशी.)

आता न सांगितला जाणारा भाग. फ्लॅप कापताना कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, आणि 'पाणी सोडा' हा निरोप त्याच नसा देतात. त्यामुळे डोळे कोरडे पडतात. कॅड लॅबमध्ये दोन तास बसले की वाळू गेल्यासारखं टोचतं. रात्री फॅनखाली आणखी. थेंबांची बाटली अजून माझ्या ड्रॉइंगच्या सामानात असते. दुसरं, रात्रीच्या दिव्यांभोवती कडी दिसतात. अंधारात बाहुली मोठी होते, दुरुस्त केलेल्या भागाच्या कडेबाहेरचा प्रकाशही आत येतो. जूनमध्ये रात्रीच्या एसटीनं साताऱ्याहून येताना समोरचा प्रत्येक ट्रक मला दिवाळीतल्या भुईचक्रासारखा दिसत होता. आता सातव्या महिन्यात ती कडी फिकी झालीत, गेलेली नाहीत. रात्री मी अजून गाडी चालवत नाही.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं केलेल्या आणि २०१७ साली छापून आलेल्या अभ्यासांत ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर खूश होते. पण ज्यांना आधी कडी, चकाकी असलं काही नव्हतं त्यांच्यातल्या ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी असं काहीतरी दिसत होतं, आणि २८ टक्क्यांपर्यंत लोकांना नव्यानं कोरडेपणा आला होता. रोजची कामं अडण्याइतका त्रास एक टक्क्याहून कमी लोकांना. शिवाय डोळा आतून जवळच्या नंबराचाच राहतो, पडद्याची तपासणी सुटत नाही. चाळिशीचा चष्मा यायचा तो येतोच. आणि ऑपरेशनचे कागद जपून ठेवायचे, म्हातारपणी मोतीबिंदूच्या लेन्सचा हिशेब करताना लागतात.

तरी मी खूश आहे. पण खरी गोष्ट माझ्या रूममेटची आहे. माझं पाहून दिवाळीच्या सुट्टीत तीही तपासणीला गेली. तिचा सिलिंडर नंबर दर वर्षी वाढायचा, ती म्हणायची, "अभ्यासानं वाढतो." डोळे चोळायची सवय तर अशी की सबमिशनच्या रात्री आम्ही तिला हातमोजे घालायची धमकी द्यायचो. तिच्या कॉर्नियाचा नकाशा काढला तर खालचा भाग लालभडक, म्हणजे तिथे पुढे आलेला, आणि जाडी ४७८. केराटोकोनसचा संशय. डॉक्टरांनी लेसरला साफ नकार दिला.

ती परत आली आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या रात्री मी वहीत पातळ भिंतीचं प्रेशर व्हेसल काढून दाखवलं. डोळ्याच्या आत दाब असतोच. भिंत आधीच एका जागी कमजोर, तीच आणखी पातळ केली तर ताण वाढणार आणि ती फुगत जाणार, नजर वाकडी होणार. चांगल्या कॉर्नियातही क्वचित असं होतं, तिच्यात तर धोका कितीतरी जास्त होता. तिनं आकृती बघितली आणि म्हणाली, "म्हणजे माझं फॅक्टर ऑफ सेफ्टी कमी." मग पहिल्यांदा हसली.

लेसरसाठी गेली नसती तर हे इतक्या लवकर सापडलं नसतं. वाढत असेल तर रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश वापरून कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार आहे, तो बहुधा वाढ थांबवतो. पुढचा नकाशा एप्रिलमध्ये. तोवर चोळणं बंद. नेमका प्रोजेक्टचा आठवडा आहे, पण गाइड सरांना सांगून झालंय आणि रेक्टर मॅडमनी आम्हा दोघींच्या रजेच्या अर्जावर सही केलीय.