लॅमिंग्टन रोड आणि वॉटांचा हिशेब

मुंबईस ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेस उतरून थोडें चाललें म्हणजे जो रस्ता लागतो, त्याचें आजचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. परंतु १९०३ ते १९०७ या काळांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव लोकांच्या तोंडीं असें कांहीं बसलें आहे, कीं मुंबईच्या ट्रामगाड्या गेल्या, व्हिक्टोरिया गेल्या, तरी "लॅमिंग्टन रोड" मात्र गेला नाहीं. एके काळीं हा चित्रगृहांचा रस्ता. येथल्या मिनर्व्हांत १९७५ सालीं लागलेला 'शोले' वर्षानुवर्षें हालला नव्हता. आज तेथें गर्दी असते ती विजेच्या बारीकसारीक सामानासाठीं. पुण्यांत पुस्तकांकरितां जसा अप्पा बळवंत चौक, तसा रेझिस्टर, कपॅसिटर आणि तारांकरितां हा रस्ता.

आम्हांस येथें यावें लागलें तें थोरल्या बंधूंच्या चिरंजीवामुळें. व्हॉल्वचा, म्हणजे जुन्या रेडिओंत लालसर उजळणाऱ्या कांचेच्या नळ्यांचा ध्वनिवर्धक घरींच जुळविण्याचें त्यानें मनांत घेतलें. निमित्त माझ्या मातोश्रींचें. त्यांचें वय ८८, कान मंद झालेले, आणि बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या पुन्हा एकदां ऐकाव्या ही इच्छा. चिरंजीवाचा तर्क असा, कीं आजीला ऐकूं कमी येतें, सबब शक्ति अधिक हवी. म्हणून त्यानें पन्नास वॉटांची यादी केली. खर्च घरच्या सामाईक पैशांतून व्हावयाचा, आणि यंत्र राहावयाचें माजघरांत, जेथें शेजारींच मुलें अभ्यासास बसतात. तेव्हां हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहिला नव्हता.

एका जिन्याखालच्या अरुंद दुकानांत वृद्ध मालकानें ती यादी वाचली, चष्मा काढला आणि विचारलें, "स्पीकर कोणता आहे? आणि ऐकणारा बसणार किती लांब?" पन्नास वॉटांविषयीं तो एक शब्द बोलला नाहीं. मला तो माणूस तेथेंच आवडला.

कारण सगळें रहस्य त्या दोन प्रश्नांतच आहे. शक्ति भूमितिश्रेढीनें वाढवीत जावी, तेव्हां कानास जाणवते ती वाढ गणितश्रेढीची. एकाचे दोन वॉट केले तर ३ डेसिबल वाढतात. पन्नासाचे शंभर केले तरी तेच ३. आवाज दुप्पट झाला असें वाटावयास सुमारें १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ति लागते. उलट, मोकळ्या जागीं अंतर निम्में केलें कीं ६ डेसिबल पदरांत पडतात, म्हणजे शक्ति चौपट केल्याचें फळ. खोलींत भिंतींच्या प्रतिध्वनीमुळें हा लाभ कांहींसा उणा होतो. पण खाट सरकविण्यास पैसा पडत नाहीं!

आमच्या घरचा स्पीकर १ वॉटास १ मीटरावर ९० डेसिबल देणारा. साधें बोलणें त्याच अंतरावर ६० ते ६५ भरतें. गाण्याची सरासरी ८० धरली आणि तबल्याच्या थापेचा क्षणिक जोर तीवर १५ धरला, तरी काम तीन वॉटांहून किंचित् अधिक शक्तींत भागतें. शिवाय वृद्ध कानांची गोष्ट निराळी. त्यांस मंद आवाज ऐकूं येत नाहीं हें खरें, पण मोठा आवाज बहुधा सोसतही नाहीं. मधली जागाच अरुंद होते. आजीला स्पष्टता हवी, गडगडाट नव्हे.

इ-एल-८४ जातीचा एकच व्हॉल्व सुमारें २५० व्होल्टांवर पांच वॉट देतो. पन्नास वॉटांस इ-एल-३४ ची जोडी, चारशेंहून अधिक व्होल्ट, जड ट्रान्सफॉर्मर आणि शेगडीसारखी उष्णता. धोका दोहोंतही आहे. २५० व्होल्ट म्हणजे खेळ नव्हे, आणि बटन बंद केल्यावरही कपॅसिटरांत विजेचा संचय राहतो. तो रेझिस्टरांतून उतरवून, मीटरानें तपासून मगच आंत हात घालावा, हें दुकानदारानें चिरंजीवाकडून दोनदां म्हणवून घेतलें. एकट्या व्हॉल्वाच्या ट्रान्सफॉर्मरांतून एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहतो, म्हणून त्याच्या लोखंडी गाभ्यांत बारीक फट ठेवावी लागते. ती नसलेला स्वस्त माल त्यानें स्वतःच बाजूस सारला. जुन्या तबकड्या एकपदरी ध्वनीच्या, त्यामुळें दुसऱ्या बाजूचा खर्चही वांचला.

काम उरकल्यावर रस्त्याच्या दक्षिण टोकास रॉयल ऑपेरा हाऊसपर्यंत चालत गेलों. १९११ सालीं पंचम जॉर्ज यांच्या हस्तें उद्घाटन झालेलें, मध्यंतरीं कित्येक वर्षें बंद पडलेलें आणि २०१६ सालीं पुन्हा उघडलेलें हें नाट्यगृह नुसत्या मानवी गळ्यासाठीं बांधलेलें. जागेचा घाट हाही एक ध्वनिवर्धकच, असें मीं म्हटलें. चिरंजीव कांहीं बोलला नाहीं. तो वर छताच्या दिशेनें पाहत होता.

"काका, कागद आहे का?" परतीच्या गाडींत त्यानें विचारलें. मीं वहीचें पान फाडून दिलें. कर्जतपर्यंत त्यानें माजघराचा नकाशा काढला, त्यांत आजीची खाट मांडली, आणि कपाटाऐवजीं स्पीकर खिडकीखालीं आणला तर किती मीटर वांचतात, तें मोजूं लागला.