आधी तुम्ही

आमच्या यजमानांनी मुंबईत चाळीस वर्षे गाडी चालवली, आणि या चाळीस वर्षांत चौकात कुणाला म्हणून आधी जाऊ दिले नाही. 'जो थबकला, तो संपला' हे त्यांचे ब्रीद. शेजारी बसून देवाचे नाव घेणे, हे माझे काम!

गेल्या वर्षी लेकीकडे इंग्लंडात, स्विंडनला गेलो होतो. तिथे १९७२ साली केलेला एक विलक्षण चौक आहे. मधल्या मोठ्या वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळे. जणू अनारशाभोवती मांडलेले पेढे! "झाले! आता तासभर इथेच," हे म्हणाले. पण जावईबापू थांबले, उजवीकडची गाडी जाऊ दिली आणि अलगद आत शिरले. हॉर्न एकदाही वाजला नाही.

"बाबा, इथे १९६६ पासून हाच नियम आहे," ते म्हणाले. "वर्तुळातल्याला आधी वाट. त्यापूर्वी बाहेरचे आत घुसत आणि आतल्यांना बाहेर पडता येत नसे. सगळे वर्तुळच तुंबून जाई."

मागून लेक हळूच म्हणाली, "लहानपणी आपल्या गाडीत चौक आला की मी डोळे घट्ट मिटून घ्यायची, बाबा."

हे काहीच बोलले नाहीत.

परतताना दोन दिवस पॅरिसला राहिलो. तिथल्या विजयकमानीभोवती बारा रस्ते येऊन मिळतात. उजवीकडच्याला आधी वाट, हे तिथेही आहेच; पण फ्रान्समध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात. त्यामुळे आतल्याच्या उजव्या हाताला येतो तो नवा घुसणारा! आतल्याने थांबायचे आणि बाहेरच्याने शिरायचे. फ्रान्सने १९८३-८४ मध्ये इतर बहुतेक ठिकाणी हे उलटवले. कमानीपाशी मात्र जुनाच रिवाज. आमचा टॅक्सीवाला दोन्ही हातांनी बोलत त्या गर्दीतून निघाला. एरवी "हा खरा आपला माणूस!" म्हणून ह्यांनी त्याची पाठ थोपटली असती. त्या दिवशी हे गप्प होते.

उजवीकडच्याला वाट द्यावी, हे आपल्याकडेही १९८९ च्या नियमांत छापलेले होतेच. छापलेले वाचायला आम्हाला स्विंडन गाठावे लागले, एवढेच!

मुंबईला आल्यावर एका संध्याकाळी माटुंग्याला माहेश्वरी उद्यानापाशी आलो. ह्यांनी चक्क गाडी थांबवली! मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. कुणीतरी ह्यांच्या वयाचाही उद्धार केला. हे हलले नाहीत. उजवीकडून एक स्कूटर आली. पुढे, बापाच्या दोन हातांमध्ये, पाच-सहा वर्षांची मुलगी उभी होती. ती आमच्यासमोरून गेली. तिचे डोळे टक्क उघडे होते.

"चला आता," मी म्हटले. त्या दिवशी देवाचे नाव घ्यायचे मी साफ विसरले होते.