लयीची जागा

५ फेब्रुवारी, परभणी
उरुसाच्या गर्दीमुळे मुलं क्लासला उशिरा आली. तोवर भैरवीची बंदिश कॉम्प्युटरवर उतरवत बसले. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ. तिला वेदपाठातलं अनुदात्ताचं चिन्ह चपखल बसतं. मंद्राच्या टिंबाला नुक्ता, तार सप्तकाला सरळ अनुस्वार. रे, ग, ध, नि चारही कोमल, त्यामुळे पानभर रेघाच रेघा.

८ फेब्रुवारी
बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे मामा स्टाफ नोटेशनचं पान घेऊन आले. वेगाचा शब्द वर, डावीकडे, ठळक, तालाच्या आकड्याच्या डोक्यावर. शेजारी मिनिटाला किती ठोके तो आकडा. मेल्त्सेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५ साली. दोनच वर्षांत बेथोवेनने आपल्या सिंफनींचे असे आकडे छापले. आवाज लहान-मोठा करायच्या खुणा मात्र खाली, तिरक्या अक्षरात. गाण्याच्या पानावर त्या वर जातात, कारण खाली शब्द असतात. किती साधा विचार!

९ फेब्रुवारी
आपल्या पानावर हे करायला गेले, तर जागाच उरलेली नाही. स्वराखाली रेघ, टिंब, अर्धचंद्र, मग बोल, मग सम-खालीच्या खुणा. वर तीव्र मध्यमाची उभी रेघ, तार टिंब, कणस्वर, मींडेची कमान. लयीला मिळतो तो मथळा: राग, ताल आणि कंसात ‘मध्यलय’. शब्द कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, हे समोर बसूनच शिकायचं. मला ते मान्य आहे. पण ‘मध्यलय’ एवढ्यावर घरी रियाज करणारं पोर काय करेल? तबल्याच्या ॲपवर १६० लावलं, तर त्रितालाचं आवर्तन ६ सेकंदांत संपतं. मग बंदिश म्हणायची कधी?

११ फेब्रुवारी
ठरलं. मथळ्यात ‘मध्यलय’ ठळक, त्यापुढे बारीक अक्षरात ९०. अंतऱ्याशी डाव्या समासात ‘आवाज मोकळा’, तिरपं. स्वरांच्या ओळीत काहीही घुसवायचं नाही. विलंबित ख्यालाला आकडा देणार नाही. तिथे गळा आणि तबलजी मिळून ठरवतात.

१४ फेब्रुवारी
मुलांच्या फोनवर फाइल उघडली, तर कणस्वर भलत्याच स्वरावर जाऊन बसलेले. आता पीडीएफच पाठवायची. जिंतूरच्या मुलीने विचारलं, “ताई, तानेलाही ९०च का?”
हो म्हटलं. मात्रा तेवढ्याच, अर्धचंद्रात स्वर दोन.